धुऊन पालथी घातलेली बरणी

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "सुनंदाकाकू, यंदाच्या दिवाळी अंकात निवृत्त मंडळींचे कामाचे अनुभव घेतोय. तुम्ही इतकी वर्षं लॅबमध्ये होतात, तिथलं काहीतरी लिहा ना." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि चहाचं आधण ठेवताना लक्षात आलं की एक अडचण आहे. मी लॅबमध्ये कधीच नव्हते.

मी दुकानात होते. घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांना सामान विकणारं दुकान. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावातल्या आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला दातांचा डॉक्टर. लॅब होती ती फक्त महाराष्ट्र मंडळातल्या लोकांसाठी आणि सासूबाईंसाठी. कोणी विचारलं की मी म्हणायचे, "मायक्रोबायॉलॉजीतच आहे." खोटं नव्हतं. यीस्ट हे सूक्ष्मजीवच. तेव्हा मी पन्नाशीत होते, म्हणजे अक्कल यायचं वय रीतसर उलटून गेलेलं होतं.

मी बिअर पीत नाही हेही आधीच सांगते. तत्त्व वगैरे काही नाही, कडू लागते. पण नाक चांगलं आहे आणि पुण्याची एम.एस्सी. आहे, एवढ्यावर दुकानाच्या मालकाने मला यीस्टच्या फ्रीजपाशी उभं केलं. तिथे मी सोळा वर्षं उभी होते.

धंदा समजायला सोपा आहे. सातूला मोड आणून भाजायचे, गरम पाण्यात त्याची गोडी उतरवायची, त्यात हॉप्स नावाची कडू फुलं उकळायची, गार करायचं. हे झालं गोड पाणी. त्याची बिअर माणूस करत नाही, यीस्ट करतं. सातू कॉफीसारखा काळा भाजला की डार्क एल, म्हणजे काळ्या रंगाची बिअर होते, पोर्टर आणि स्टाउट ही त्यातलीच घराणी. गिऱ्हाईक यायचं ते भाजलेल्या सातूच्या डब्यांपुढे अर्धा तास उभं राहायचं, चावून बघायचं, वास घ्यायचं, आणि शेवटी जाता जाता विचारायचं, "यीस्ट कुठलंही चालेल ना?" ह्या प्रश्नावर माझं भाषण सुरू व्हायचं. काही यीस्ट साखर शेवटच्या कणापर्यंत खातात, मग एल कोरडी, सडसडीत होते. काही पोट भरलं की थांबतात, थोडा गोडवा मागे ठेवतात आणि गुठळ्या करून तळाशी बसतात. काळ्या बिअरला ही थांबणारी जात बरी, कारण भाजलेल्या सातूचा करपटपणा झाकायला थोडी गोडी लागते. आणि तयार किट, म्हणजे सातूच्या आटवलेल्या रसाचा डबा, त्याच्या झाकणाखाली यीस्टचं जे चपटं पाकीट चिकटवलेलं येतं, ते काढून कचऱ्यात टाका, असं मी प्रत्येकाला सांगायचे. काउंटरमागे त्यासाठी एक वेगळी टोपलीच ठेवली होती. लोक मुकाट्याने पाकीट टोपलीत टाकायचे. माझं कोणी मुकाट्याने ऐकतंय ही भावना तशी नवीन होती, त्यामुळे मी जरा चढले होते.

यीस्ट पुन्हा वापरता येतं, हे मात्र लोकांना पटवावं लागायचं. एल बाटल्यांत भरली की भांड्याच्या तळाशी साय जमावी तसा दाट गाळ उरतो. तेच यीस्ट, जिवंत. उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचं, स्वच्छ बरणीत भरायचं, झाकण सैल ठेवायचं आणि फ्रीजमध्ये. दोन-तीन आठवड्यांत पुढच्या खेपेला वापरायचं. हलक्या एलचं यीस्ट काळ्या एलला चालतं, उलटं करू नये, कारण काळा रंग आणि करपट वास पाठ सोडत नाही. फार कडक एल केलेलं यीस्ट थकलेलं असतं, त्याला पुन्हा जुंपू नये.

हे शेवटचं न ऐकणारं गिऱ्हाईक म्हणजे निखिल. नागपूरचा, आयटीतला. पहिल्यांदा दुकानात शिरला तेव्हा मला बघून दारातच थबकला. "काकू? तुम्ही इथे?"

"तू इथे?" मी म्हटलं.

 मग तो म्हणाला, "मी मंडळात सांगणार नाही, तुम्ही माझ्या आईला सांगू नका." करार झाला. त्याने पुढे एकाच यीस्टवर लागोपाठ तीन कडक स्टाउट केल्या. चौथी अर्ध्यावरच थांबली. "काकू यार, हे काम नाही करत आहे. अपडेट काही आहे का?" मी म्हटलं, "ते दमलंय. तू सलग तीन रिलीज केल्यावर काय करतोस?" तो म्हणाला, "रजा टाकतो." त्यानंतर त्याला समजलं.

आता हॅरल्ड.

हॅरल्ड म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, सत्तरी पार केलेला, तुटक बोलणारा माणूस. पहिल्या भेटीत त्याने काउंटरवर एक काचेची बरणी ठेवली. वर चहासारखं काळसर पाणी, खाली मातकट गाळ. म्हणाला, त्याची बायको मार्लीन दर हिवाळ्याच्या तोंडावर पोर्टर करायची. ती गेली. आता तो करतो. यीस्ट तिचंच आहे, मधल्या महिन्यांत ताजं गोड पाणी घालून जगवलेलं, दर खेपेला तेच पुढे चालवलेलं. मार्लीनने सुरू केलं त्याला किती वर्षं झाली ते त्यालाही नीट आठवत नव्हतं.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "इतक्या पिढ्यांनंतर यीस्ट बिघडतंच. शास्त्र आहे. हे फेकून द्या आणि माझ्याकडचं ताजं घ्या."

त्याने बरणी उचलली, टोपी घातली आणि गेला. दार लावताना आवाजही केला नाही. आवाज केला असता तर मला बरं वाटलं असतं.

महिन्याभराने तो पुन्हा सातू घ्यायला आला तेव्हा मी स्वतःहून म्हटलं, "बरणी आणा, बघते." आणली. मी वास घेतला. ब्रेडचा, किंचित पिकल्या नासपतीचा, आंबटपणाचा मागमूस नाही. काचेच्या नळीत हलवून ठेवलं तर भिजलेल्या साबुदाण्यासारख्या गुठळ्या करून पाचेक मिनिटांत तळाशी. फार सुंदर यीस्ट. मी लगेच त्याची वंशावळ लावली. हे नक्की जुनं इंग्लिश घराणं, असं दुकानात विकत मिळायचंच नाही, मार्लीनच्या आजोळाकडून आलेलं असणार, वगैरे. हॅरल्ड "असेल" एवढंच म्हणाला.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्याचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तो बरणी घेऊन आला. "दीड-दोन महिने मी काही करू शकणार नाही. घरी एकटाच आहे. सू, हे तू जिवंत ठेवशील?" सुनंदाचं त्याने सू करून टाकलं होतं.

गिऱ्हाइकांच्या बरण्या दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत असा मालकाचा नियम होता. मी बरणी घरी आणली. घरी तेव्हा सासूबाई आल्या होत्या. मूळच्या सावंतवाडीच्या, वय ऐंशी, नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण. फ्रीज उघडल्या उघडल्या विचारलं, "हे काय गं?"

"लॅबचं आहे," मी म्हटलं. "एक प्रकारचं विरजणच समजा."

ह्या एका वाक्याचा मला आजही अभिमान नाही.

मिनेसोटातल्या ऑक्टोबरात आंबोळीचं पीठ फुगत नाही हे इथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. ओव्हनमधला दिवा लावा, पातेल्याला शाल गुंडाळा, पीठ ढिम्म. त्या शनिवारी मंडळाची चौदा माणसं आमच्याकडे चार वाजता यायची होती आणि सासूबाईंनी आंबोळ्या जाहीर केल्या होत्या. मी सकाळी दुकानात गेले. तीन वाजता परत आले, तर ओट्याशेजारच्या जाळीवर हॅरल्डची बरणी होती. धुतलेली. साबणाने. पालथी घातलेली. चकचकीत.

"तुझं ते लॅबचं विरजण फार गुणी आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "वरचं काळं पाणी खराब झालं होतं, ते ओतून दिलं. खालचं दाट घातलं पिठात. तीन-चार तासांत पातेल्याबाहेर आलं पीठ!"

मी पातेल्यात बघितलं. पिठाला बुडबुडे येत होते. ते आनंदात होते.

माणसं आली. आंबोळ्यांना अशी जाळी पडली होती की मला वाटतं त्यानंतर कोणाच्याही घरी तशी पडलेली नाही. वसंतकाका, जे दर वर्षी मंडळात व्यसनमुक्तीवर बोलतात, त्यांनी सात खाल्ल्या. काका, हे वाचत असाल तर काळजी करू नका, तव्यावर सगळं उडून जातं. मी तव्यापाशी उभी राहून पातेल्याकडे बघत होते. दर आंबोळीला एक पळी खाली. एक पळी म्हणजे मार्लीनची कितीतरी वर्षं. "अजून एक घ्या ना" असं तोंडाने म्हणायचं आणि मनात म्हणायचं, पुरे करा हो. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईला त्यातला एक थेंबही पुरतो, हे त्या बाईला त्या क्षणी आठवलं नाही. ती पातेल्यावर झाकण ठेवून "पीठ संपलं" म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, अर्धं आहे की!"

निखिल दुसरी आंबोळी तोंडाजवळ नेऊन थांबला. वास घेतला. माझ्याकडे बघितलं. ताट हातात घेऊन ओट्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "काकू, ही पोर्टर आहे."

"खा मुकाट्याने," मी म्हटलं.

त्याने मात्र एक चांगलं काम केलं. बाहेर जाऊन जाहीर केलं की आता गोड खाऊ या, आणि फ्रीजमधलं श्रीखंड काढून सगळ्यांच्या हातात वाट्या दिल्या. पातेल्यात साधारण वाटीभर पीठ वाचलं.

सहा वाजता सगळे गेल्यावर मी ते पीठ एका उकळून घेतलेल्या वाटीत काढायला लागले. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. "आता सांग. दुपारपासून तुझं तोंड का उतरलंय?"

मी सांगितलं. बरणी कोणाची, मार्लीन कोण, हॅरल्ड आत्ता कुठे आहे. मग दुकान काय आहे तेही सांगावं लागलं, कारण त्याशिवाय गोष्ट जुळत नव्हती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दारूच्या दुकानात आहेस."

"दारूच्या सामानाच्या."

"किती वर्षं?"

"चार."

"आणि मला लॅब सांगितलीस. मी काय खाल्लं असतं तुला?" मग म्हणाल्या, "माझे बाबा वैद्य होते, माहीत आहे ना? घरात आसव-अरिष्टांची मडकी असायची. आंबवायला धायटीची फुलं घालून तोंडं लिंपलेली. त्या मडक्यांच्या तळाचा गाळ टाकायचा नाही, मडकं घासायचं नाही, हे आम्हा पोरींना चालता यायच्या आधी कळायचं. तू मला नुसतं खरं सांगितलं असतंस ना, तर त्या बरणीला मी बोटसुद्धा लावलं नसतं."

मी वाटीवर झाकण ठेवलं. 

"एक माणूस दवाखान्यात पडलाय आणि त्याच्या बायकोची वस्तू मी तळून खाल्ली," त्या म्हणाल्या. "परत निघेल का ती ह्यातून?"

"बघते," मी म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात खरोखरच लॅब सुरू झाली.

प्रेशर कुकर हे निर्जंतुकीकरणाचं यंत्र. इंडियन ग्रोसरीतलं चायना ग्रास आणि दुकानातली सातूची पावडर पाण्यात शिजवून झाकणाच्या काचेच्या वाट्यांत ओतलं की जेलीसारखं घट्ट होतं, त्यावर यीस्टचे ठिपके वाढतात. त्यात हॉप्सचा कडू काढा सढळ हाताने घातला, कारण पीठ आंबवणाऱ्या जिवाणूंना तो सोसत नाही आणि यीस्टला सोसतो. दाभण गॅसवर लाल करायचं, गार करायचं, पिठात टेकवायचं आणि वाटीत रेघा ओढायच्या. हे माझे पती दारातून बघत होते. ते चाळीस वर्षं हिशेबतपासनीस होते. "जेवणाचं काय?" म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "आंबोळ्या खाल्ल्यास ना? मग आता गप्प बस."

तीन दिवसांनी पांढरट, गुबगुबीत ठिपके आले. पण तांदळावर आणि डाळीवर रानटी यीस्टही असतं. कुठला ठिपका मार्लीनचा आणि कुठला सावंतवाडीचा? मी सहा निवडले, सहा छोट्या बाटल्यांत चमचाभर गोड पाण्यात वाढवले. सासूबाई रोज सकाळी दात घासण्याआधी बाटल्यांपाशी. "चार नंबरला वास नाही चांगला. ओल्या फडक्याचा येतोय." बरोबर होतं. "सहा नंबर आळशी आहे." तेही बरोबर. दोन नंबरची बाटली हलवून ठेवली की त्यात साबुदाण्यासारख्या गुठळ्या व्हायच्या आणि झटकन खाली बसायच्या. वास ब्रेडचा, पिकल्या नासपतीचा. आम्ही दोघींनी आळीपाळीने नाक लावलं. "हीच ती बाई," सासूबाई म्हणाल्या.

मला खात्री होती, असं मी तेव्हा निखिलला सांगितलं. आता लिहिताना म्हणते, मला तसं वाटून घ्यायचं होतं.

चमच्याचं कपात, कपाचं बरणीत, असं वाढवत नेलं. बरणी तीच. नोव्हेंबर संपता संपता हॅरल्ड आला, कोट खांद्यावर टांगल्यासारखा झालेला. बरणी उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला.  सांगायला तोंड उघडलं होतं हे मी शपथेवर सांगते. पण तो म्हणाला, "थँक यू, सू. तिकडे पडल्या पडल्या मला ह्याचीच चिंता होती." त्यावर मी म्हणाले, "त्यात काय एवढं."

ख्रिसमसच्या आधी तो नव्या पोर्टरची बाटली घेऊन आला. "तसंच आहे," म्हणाला. "अगदी तिचंच." मी मागे जाऊन सातूची पोती सरळ केली. ती सरळच होती.

सासूबाई भारतात परत गेल्या आणि तीन वर्षांनी वारल्या. फोनवर शेवटपर्यंत विचारायच्या, "सांगितलंस का त्याला?" मी म्हणायचे, पुढच्या वेळी आला की सांगते. तो दर महिन्याला यायचा.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी दुपारी हॅरल्ड आला, आता काठी घेऊन, मला निरोप द्यायला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. लॅबपासून आंबोळीपर्यंत, दाभणापासून दोन नंबरच्या बाटलीपर्यंत. "तुझ्याकडे आहे ते मार्लीनचं असेलही, नसेलही," मी म्हटलं. "मला माहीत नाही. मी तुला इतकी वर्षं फसवलं."

त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "मार्लीनच्या हातून एकदा यीस्टची आधीची बरणी फुटली होती. मी बाहेरून आलो तेव्हा गॅरेजची फरशी ओली होती आणि ती म्हणाली, पाणी सांडलं. दुसऱ्या दिवशी कचऱ्यात यीस्टचं रिकामं पाकीट दिसलं. मी ते तळाशी ढकललं, वर वर्तमानपत्र टाकलं. म्हटलं, तिला नको कळायला की मला कळलंय."

"कुठलं पाकीट?" मी विचारलं. इतक्या वर्षांची सवय, जीभ राहिली नाही.

त्याने काठीने माझ्या काउंटरमागची टोपली दाखवली. "ते. किटच्या झाकणाखालचं."

टोपली त्या दिवशीही अर्धी भरलेली होती. माझ्या जुन्या इंग्लिश घराण्याचं आजोळ त्यात पडलेलं होतं.

"मग इतकी वर्षं तू जपलंस काय?" मी म्हटलं.

"ती जे जपायची ते," हॅरल्ड म्हणाला. मग त्याने विचारलं, "ते पॅनकेक कसे झाले होते?"

"जाळी फार छान पडली होती."

"मला कोणी दिले नाहीत."

म्हणून पुढच्या शनिवारी तो आमच्याकडे आला, बरणी घेऊन. मी रीतसर तांदूळ-उडीद भिजवून वाटलं होतं, बरणीतलं दाट त्याने स्वतः चमच्याने घातलं, आणि बाकीचं झाकण सैल लावून स्वतःजवळ ठेवलं. ओट्यावर ठेवू दिलं नाही. माझी नात शेजारी उभी राहून सगळं फोनवर घेत होती. तिने विचारलं, "आजी, सो यू वर लाइक अ बारटेंडर?" मी म्हटलं, "नाही गं. लॅबमध्ये होते." 'लॅब' एवढा शब्द कळून हॅरल्ड हसून हसून खोकला.

त्याने पाच खाल्ल्या. पीठ छान फुगलं होतं, वासही तोच होता. मी तवा बदलून बघितला, आच कमी-जास्त करून बघितली. सासूबाईंची जाळी काही पडली नाही.